आकडा

तेव्हा मी तेरा वर्षांचा,
बातुमीच्या खलाशी क्लबात भिंतीवरच्या मोठ्या पटावर
सोंगट्या हलवणारा पोरगा.
हातात माझ्या दुप्पट उंचीची काठी, टोकाला पितळी आकडा.
खाली टेबलाशी डाव चाले,
वर मी तोच डाव लोकांना दाखवी.
बोलायचं नाही, खोकायचंही नाही,
अशी पंच एल्गुजांची ताकीद.

त्या संध्याकाळी आमची त्सियाला ग्वेलेसियानी
आणि खार्कीवची झोया वेरेश्चुक.
झोयाला बरोबरी पुरेशी होती.
त्सियालाला जिंकायचंच होतं:
जिंकली तर पासपोर्ट, विमान, परदेशातली स्पर्धा,
नाहीतर सोमवारी पुन्हा चहाच्या कारखान्यात
हिशेबाच्या खिडकीमागे.
तिची आई पहिल्या रांगेत, मांडीवर रुमालात बांधलेला पाव.
शेवटपर्यंत ती गाठ तशीच.

चौतिसावी चाल.
पटावर एक उभी ओळ मोकळी, झाडून ठेवलेल्या अंगणासारखी,
आणि तिच्या तळाशी आमचा पांढरा हत्ती.
सरळ वर, सातव्या घरात. बस्स.
झोयाच्या राजाला मागे भिंत, पुढे हत्ती.
गॅलरीतले गोदी कामगार एकमेकांना कोपरं मारू लागले.
मला राहवलं नाही.
काठी उचलली, आकडा हत्तीच्या कडीत अडकवला
आणि वाट बघत उभा राहिलो.
खट् झालं. एवढंच.

त्सियालाचा हात हत्तीकडे निघाला होता,
तो हवेतच थांबला.
किती वेळ, मला मोजता आलं नाही.
मग तिचा घोडा अडीच घरं उडाला
आणि त्याने एक काळं प्यादं खाल्लं,
फुकटचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
सभागृह उसासलं, लाट गोट्यांवरून मागे सरते तसं.
आकडा सोडवताना तो दोनदा निसटला.

पुढेही संधी आल्या, नाही असं नाही.
सेहेचाळिसाव्या चालीला राजा पुढे यायला हवा होता,
तिने बाजूला नेला.
मग घड्याळाचा लाल झेंडा काट्यावर टेकलेला असताना
हत्तीला हत्ती देऊन टाकला,
आणि उरलं काय, तर पटाच्या काठावरचं एकुलतं प्यादं
आणि त्याच्या वाटेत, कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला झोयाचा राजा,
जो तिथून हलत नाही हे शाळकरी पोरांनाही ठाऊक.
हत्ती गेला, शेपूट राहिलं.
रात्री साडेदहाला दोघींनी हात मिळवले.
बरोबरी म्हणतात याला.
मी वर शिडीवरून पाहिलं, एकीच्याच चेहऱ्यात रक्त होतं.

एकवीस वर्षांनी, त्या बिनदिव्यांच्या हिवाळ्यात,
मंडईत मेणबत्तीच्या उजेडात ती लहान संत्री विकताना दिसली.
तिनेच ओळखलं. "तू तो काठीवाला."
मी म्हणालो, "हत्ती सातव्या घरात…"
"ठाऊक आहे," ती तागडी धरून म्हणाली. "दिसला होता मला.
हात निघालाच होता.
पण वर खट् वाजलं, आणि मनात आलं,
तेरा वर्षांच्या पोराला जर इतक्या लवकर दिसतंय
तर यात काहीतरी खोट असणार.
मग ती खोटच शोधत बसले."
"सापडली?"
"अजून नाही."

पारडं बरोबर झाल्यावरही तिने दोन संत्री जास्तीची टाकली,
पैसे मात्र मेणबत्तीशी धरून नीट मोजून घेतले.
मी पिशवीचा बंद बोटात अडकवला,
हळूच,
आवाज होणार नाही असा.